ऑइल वाढवणारी फियाट

आळेफाटा,
मंगळवार

प्रिय आक्का,

डबा उघडलास तेव्हा आधी लाडू दिसले असतील आणि मग हा कागद. डिंकाचे लाडू तुझ्या भावजयीने वृषालीसाठी खरोखरच केलेत, पण डबा आजच पाठवायचं निमित्त मी काढलं. दाजी घरात असतील तर कागद पदराआड कर आणि ते बागेत गेले की वाच. टेम्पोवाल्याला बजावलंय, डबा आक्काच्याच हातात द्यायचा. त्याला वाटलं असेल, लाडवांसाठी काय जीव टाकतोय हा माणूस! वाटू दे. गेले काही दिवस माझी भाकरी ताटात तशीच राहते. ही म्हणते पित्त झालंय, धने-जिऱ्याचं पाणी प्या. पित्त कसलं गं, भीती आहे. शुक्रवारी दाजी ती फियाट घेऊन माळशेज उतरणार, मुरबाडहून वृषालीला मागच्या सीटवर बसवणार आणि भर उन्हात घाट चढून तिला येडगावला आणणार, याची भीती.

स्वतः आलो नाही, नुसता कागद पाठवला, असं मनात आणू नकोस. मागच्या रविवारी येऊन गेलो, तेव्हा तू नारायणगावच्या बाजाराला गेली होतीस. दाजींनी तुला एवढंच सांगितलं असेल की हौशा आला होता, चहा न घेता गेला. चहा घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ही आली असती तुझ्याकडे, पण दाजींसमोर हिच्या तोंडाला कुलूप राहत नाही आणि मग होतं त्याच्या दुप्पट झालं असतं. तेव्हा सगळं मीच सांगतो, आणि सावकाश सांगतो. घाईत सांगितलं की तू घाबरतेस, आणि घाबरलीस की उठून थेट दाजींना विचारतेस. तेवढं मात्र करू नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ.

त्या फियाटशी माझं काही वाकडं नाही. चौसष्टचं मॉडेल. जुन्नरच्या एका डॉक्टरांकडून दाजींनी ती घेतली तेव्हा अर्धं येडगाव बघायला लोटलं होतं. मी नुकताच फाट्यावर एका उस्तादाच्या हाताखाली लागलो होतो आणि सुट्टी मिळाली की काहीतरी ठोकठाक करायचं निमित्त काढून तुझ्याकडे यायचो. वृषाली तेव्हा चार-पाच वर्षांची. माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायची आणि तोंडाने इंजिन चालवायची. सगळी थुंकी माझ्या हातावर. आम्हाला मूल झालं नाही, पण मी त्याचं फार दुःख करत बसलो नाही. त्याला कारण तीच पोरगी. पुढे गाडी बंद पडली, शेडमध्ये द्राक्षांच्या क्रेटखाली दबली, कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. दाजींनी ती विकलीही नाही आणि दुरुस्तही केली नाही. मग गेल्या दिवाळीनंतर एकाएकी क्रेट बाजूला झाले, कोंबड्या हुसकल्या गेल्या आणि माणूस जो गाडीखाली शिरला तो जेवायलाच बाहेर यायला लागला. तू मला फोनवर हसून सांगायचीस, तुझ्या दाजींना म्हातारपणी चळ लागलाय. मीही हसायचो.

सगळं जमलं, अडलं ते पंपाशी. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पोचवणारा हा मुठीएवढा पंप. आम्ही त्याला एसी पंप म्हणतो. इंजिन फिरलं की त्याचा आर्म वर-खाली हलतो, आर्म आतला रबरी पडदा ओढतो आणि सोडतो, आणि त्यावर पेट्रोल पुढे सरकतं. पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला इंजिनाचं ऑइल. मध्ये फक्त ते रबर. जुना पंप गंजून खलास झाला होता आणि तसा दुसरा मिळेना. दाजींनी पुण्याच्या जुन्या बाजारातून भलत्याच गाडीचा पंप उचलून आणला. त्याचा आर्म तोकडा पडायला लागला. तर हा माणूस ओतूरला गेला, आर्मच्या टोकावर पितळ चढवून आणलं आणि कानस घेऊन बसला. थोडं घासायचं, बसवून बघायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घासायचं. मी तो आर्म हातात घेऊन पाहिलाय. खोटं कशाला बोलू, माझ्या गॅरेजात एवढं नीट काम झालं नसतं. दाजींना तसं म्हणालोही, तर लहान पोरासारखे खूश झाले. म्हणाले, “बघ हौशा, शेतकऱ्याचा हात हाय.”

पण पडदा फाटका होता, आणि तिथे दाजींनी आपल्या भागातल्या कुठल्याही बागाईतदाराने केलं असतं तेच केलं. आपल्याकडे काही अडलं की आधी बागेच्या फवारणी पंपाचं सामान आठवतं. मोरीच्या नळाला त्याचं वायसर, म्हशीच्या गोठ्यात त्याची नळी, पाळण्याला त्याचा बोल्ट. दाजींनी फवारणी पंपाचा पडदा घेतला. जाड, काळा, हंगामच्या हंगाम जहाल औषधं पचवलेला. कात्रीने गोल कापला, भोकं पाडली, बसवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की जे रबर विषाला दाद देत नाही ते पेट्रोलला काय देणार! अगं, ते रबर पाण्यात कालवलेल्या औषधासाठी असतं. पेट्रोल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि एक दिवस चिरतं. तुला स्टोव्हवरून कळेल. वायसर गेलं की रॉकेल नको तिथून यायला लागतं आणि आपण स्टोव्ह विझवून लांब होतो. इथे पंपाशेजारी तापलेलं इंजिन, पलीकडे ठिणग्या आणि मागच्या सीटवर सातव्या महिन्यातली आपली पोर. घाटाच्या चढावर विझवायला कोण येणार आहे?

मला हे कळलं ते दाजींच्याच कौतुकातून. हवा भरायला फाट्यावर आले होते आणि पंपाला फवारणीचं रबर कसं लावलं ते कातरण काढून दाखवत होते. तीन-चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. दाजी मोठ्याने म्हणाले, “तुमच्या गाड्या ऑइल खात्यात. माझी फियाट बघा, ऑइल वाढवती!” सगळे हसले. मीही हसलो, आणि मग काय ऐकलं ते ध्यानात आलं. ऑइल वाढत नसतं गं. जगातल्या कुठल्याच गाडीचं वाढत नसतं. मी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढून पाहिली. खुणेच्या वर बोटभर ऑइल, ताकासारखं पातळ, आणि नाकाशी नेलं तर पेट्रोलचा भपकारा. पडदा झिरपायला लागला होता. आता चारचौघांत दाजींना काय सांगू? मी पट्टी पुसली, परत घातली आणि म्हणालो, सावकाश जा दाजी, लई ताणू नका. ते म्हणाले, “एवढा भित्रा कवापासनं झालास रं?” आणि निघून गेले. गाडी नारायणगावच्या दिशेने दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्या बॉनेटकडे बघत होतो, धूर निघतो का म्हणून.

म्हणूनच त्या रविवारी आलो होतो. फाट्यावर दाजींनी दाखवलेलं त्या रबराचं कातरण मी ठेवून घेतलं होतं आणि बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात टाकून ठेवलं होतं. ते फुगून भिजल्या पापडासारखं झालं. बाटली घेऊनच आलो. ओट्यावर दाजींबरोबर सोसायटीचे दोन म्हातारे बसलेले. मला वाटलं होतं एकटे असतील. तरी मी बाटली पुढे ठेवली, कारण वाटेत जेवढा धीर गोळा केला होता तेवढा परत गोळा झाला नसता. दाजींनी बाटली हलवून पाहिली. म्हणाले, “बाटलीतलं येगळं, गाडीतलं येगळं.” मी म्हणालो, शुक्रवारी ही गाडी काढू नका, मी फाट्यावरनं चांगली जीप करून देतो, ड्रायव्हर माझ्या खात्रीचा देतो. जीपचं नाव काढलं मात्र, दाजींचा चेहरा असा झाला की मी तो कधी पाहिलाच नव्हता. बाटली उचलून अंगणात भिरकावली. “तुझ्या गॅरेजला गिऱ्हाइकं न्हाईत म्हणून माझ्या दारात आलास व्हय? परत पाऊल ठेवू नगंस हितं.” म्हातारे खाली बघायला लागले. मी चपला शोधत होतो आणि समोर असून मला सापडत नव्हत्या.

तू म्हणशील, त्यांचा राग घटकाभराचा, हौशा उगीच मनाला लावून घेतो. नाही गं. राग मी गिळला. पण तू आमच्या खंडूला जळल्यानंतर पाहिलेलं नाहीस. गॅरेज आम्ही दोघांनी मिळून काढलं होतं. लोकांना मी सांगतो, खंडूने काम सोडलं. तो काम कुठलं सोडतोय! एका टॅक्सीचा पंप गळत होता, गिऱ्हाईक घाईत, इंजिन चालूच. मी पान्हा आणायला आत गेलो आणि मागे भप्प झालं. मोठा आवाज नव्हता, चुलीत फुंकर घातल्यावर जाळ धरतो तेवढाच. बाहेर आलो तर खंडू उभा होता, आणि स्वतःच्या तोंडाला हात लावायला घाबरत होता. पोती टाकली, माती टाकली. जीव वाचला, पण बोटं आता मिटत नाहीत. अजून संध्याकाळी फाट्यावर येऊन बसतो आणि मी त्याच्या तोंडाशी चहाची बशी धरतो. तेव्हापासून गळत्या पेट्रोलचा वास आला की मी आधी गाडीपासून लांब होतो, मग काहीतरी चावट बोलतो आणि सगळे हसत असताना घाम पुसून घेतो. गिऱ्हाइकांना वाटतं, हौशा लई मजेशीर माणूस. रोज शटर वर करायच्या आधी मी फटीशी वाकून वास घेतो, आक्का. हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही. दाजी मला भित्रा म्हणाले तेव्हा मला वाईट वाटलं नाही, खरंच बोलले ते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या रविवारी निघताना माझी गाडी शेडपाशी लावलेली होती. फियाटचं मागचं दार उघडं होतं, म्हणून आत डोकावलो. तू पाहिलंयस का गं आत? मागच्या सीटचं रेक्झिन उसवून दाजींनी नवा कापूस भरलाय, आणि टाके स्वतः घातलेत, दाभणाने, वेडेवाकडे. पाठीला टेकायला उशी. पाय वर घ्यायला गोधडीची जाड घडी. खिडकीला उन्हाचा पडदा म्हणून तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा. मी तिथे उभा राहिलो आणि जीपचं नाव काढल्यावर दाजींना काय झालं होतं ते मला उमगलं. मागच्या खेपेला, वृषाली पहिलटकरीण असताना, मुराळी म्हणून दाजीच गेले होते ना तिला आणायला? वडापची जीप, माणसं कोंबलेली, खड्ड्यांतून घाटभर आपटत आली. आणि घरी आल्यावर जे झालं ते झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीपमुळे नाही, ते होणारच होतं. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. दाजींनी डोलावली नव्हती, आता आठवतंय मला. ते कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. तुझ्याशी तरी त्यांनी कधी तो विषय काढला का? माझ्याशी नाही. आणि यंदा पोरीला पुन्हा दिवस गेल्याचं दिवाळीत कळलं, तेव्हाच ते क्रेट बाजूला झाले. चळ नव्हता लागला त्यांना. आपली लेक आपल्या हाताने, न हिंदकळता घरी आणायची, एवढ्यासाठी तो माणूस चार-पाच महिने गाडीखाली झोपला.

मग मी काय करू? दिवस पुढे ढकलता येत नाही. रविवारी अमावास्या, पाठोपाठ आठवा लागतो, आणि आठव्यात तिकडची माणसं तिला उंबऱ्याबाहेर पाठवणार नाहीत. जीप म्हटली तर दाजी ऐकणार नाहीत. तू सांगितलंस तर म्हणतील, भावाने कान भरले. आणि समज, त्यांना पटलंच, तर? त्याचीच मला जास्त भीती वाटते. जी गाडी लेकीला जपायला केली तीच तिला जाळून टाकणार होती, आणि तेही आपण हौसेने कापलेल्या रबरामुळे, हे कळलं तर दाजी पुन्हा उठून उभे राहणार नाहीत. एकदा भिंतीकडे तोंड करून बसलेले मी पाहिलेत. दुसऱ्यांदा नाही बघवायचं.

म्हणून हा कागद. पुण्याला जाऊन मी पेट्रोलला टिकणारा पडदा आणलाय, दाजींच्या पंपाच्या मापाचा कापलाय आणि बाटलीत बुडवून खात्री केलीय. तो बसवायला मला फक्त त्या गाडीपाशी जाऊ दिलं पाहिजे, आणि ते दाजींनी स्वतः बोलावलं तरच होईल. त्यांनी बोलवायचं तर गाडी बंद पडली पाहिजे. ती तू बंद पाडायचीस. घाबरू नकोस, नीट वाच. डब्यात तळाशी कागदात गुंडाळलेला बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा तपकिरी तुकडा आहे, वर पितळेची पट्टी. त्याला रोटर म्हणतात. हा दिसायला धडधाकट, पण आतून मेलेला आहे. भल्याभल्या मेकॅनिकांना ओळखू येत नाही. गुरुवारी संध्याकाळी दाजी दूध घालायला डेअरीवर गेले की शेडमध्ये जा. गाडी थंड असेल आणि चावी लागत नाही. स्टिअरिंगच्या खाली कळ आहे, ती ओढलीस की बॉनेट सुटेल. आत एक काळी टोपी दिसेल, तिच्यातून जाड वायरी निघाल्यात. टोपीच्या दोन बाजूंना दोन क्लिपा आहेत, त्या चमच्याच्या दांड्याने सोडव, टोपी उचल, वायरींना हात लावू नकोस. आत असाच तुकडा असेल. तो सरळ वर ओढून काढ, माझा तसाच दाबून बसव, टोपी लाव, क्लिपा लाव आणि घरात जाऊन भाकरी थाप. खरा रोटर तुझ्याजवळ ठेव आणि मी आलो की गुपचूप माझ्या हातात दे. शुक्रवारी सकाळी गाडी सुरू होणार नाही. दाजी सेल्फ मारत असतील तेव्हा तू लांब उभी राहा. ते प्लग काढतील, पुसतील, शिव्या घालतील, मलाही घालतील. तू एकदाच म्हण, हौशाला फोन करा. दुसऱ्यांदा म्हणू नकोस. तिकडे लेक पिशवी भरून वाट बघत बसलेली असेल, तिच्यासाठी ते माझ्यापुढेही वाकतील. मी येईन, बोलणी खाईन, चहा आणायच्या निमित्ताने त्यांना आत पाठवून पडदा बदलीन, पातळ झालेलं ऑइल बदलीन, आणि त्यांनी घासलेला पितळेचा आर्म आहे तसाच ठेवीन. त्यांना म्हणेन, किरकोळ होतं दाजी, एक वायर सुटली होती. मग त्यांनी खुशाल लेकीला आणायला जावं आणि जन्मभर मला भित्रा म्हणावं. शुक्रवारी उजाडल्यापासून मी गॅरेजातल्या फोनपाशी बसून असेन. उन्हं वर येईपर्यंत तो वाजला नाही तर मी समजेन की तुझ्या हातून झालं नाही आणि गाडी निघाली, आणि मग मी ओतूरच्या रस्त्यावर तिच्यापुढे आडवा उभा राहीन. मग दाजींना सगळं कळेल. तेवढी पाळी येऊ देऊ नकोस. आक्का, तो फोन वाजू दे.

तुझाच घाबरट भाऊ,
हौशा